गाळणीत बाही पाहणाऱ्या काकूंना

तीर्थस्वरूप काकूंना,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र घरी आणून देता आलं असतं. पण समोर बसून आभार मानायला लागलो की तुम्ही ‘पुरे रे, त्यात काय एवढं’ म्हणून विषय बदलता आणि माझं बोलणं अर्धंच राहतं. शिवाय आता ही गोष्ट तुमच्या-माझ्यातली राहिलेली नाही. गाळणीची मापं आणि पिशवीचा कागदी नमुना मी मागेल त्याला देत आलो. ज्यांनी करून पाहिली ते कौतुकाने सांगतात, छान जमलीय, डोकं लावलंत तुम्ही. त्यात डोकं कुणाचं किती होतं, हे त्या सगळ्यांच्या देखत एकदा लिहून ठेवायचं होतं.

सुरुवात आईच्या हातांपासून झाली. फळांचा रस असो, बदामाचं दूध असो, भाज्या उकळलेलं पाणी असो, पातेल्यावर फडकं अंथरायचं, त्यात ओतायचं, चारी टोकं गोळा करून पिळायचं, हीच आमची पद्धत. बोटांचे सांधे आखडायला लागल्यावर आईला ते पिळणं जमेना. ती बोलून दाखवणारी नाही. एक दिवस मीच पाहिलं, फडक्याचं गाठोडं दोन तळव्यांत धरून, सगळं अंग पुढे टाकून ती दाबत होती. पिळावंच लागणार नाही अशी गाळणी करायची, हे त्या दिवशी ठरलं.

माझं आयुष्य धातूकामात गेलं, म्हणून मी धातूकडूनच सुरुवात केली. इंचाला शंभर तारांच्या जाळीचं छिद्र साधारण ०.१५ मिलिमीटर असतं, हे मला तोंडपाठ. तरी बारीक जाळीत चोथा रुतून बसायचा आणि जाड जाळीतून रसात उतरायचा. शेवटी स्टीलच्या कड्याला सुती कापड कायमचं शिवून टाकलं. तीन आठवड्यांत कड्याखाली, जिथे कापड कधी पुरतं वाळतच नव्हतं, तिथे काळे ठिपके पडले आणि त्याला वास यायला लागला. कापड निघत नसेल तर अशी गाळणी घरात ठेवण्याच्या लायकीची नाही, एवढं तेव्हा कळलं. मग कापड सुटं केलं आणि चार चिमट्यांनी कड्याला धरलं. दीड लिटर म्हणजे दीड किलो वजन. एका बाजूचा चिमटा सुटला आणि चोथ्यासकट सगळं खालच्या पातेल्यात गेलं. आईने काही न बोलता ओटा पुसला. त्याच संध्याकाळी मी ते कडं घेऊन तुमच्या दारात आलो. मागणं एवढंच होतं की याला घट्ट बसेल अशी पिशवी शिवून द्या.

तुम्ही कडं बाजूला ठेवलंत. आधी विचारलंत, ‘गाळायचं काय काय आहे?’ मी यादी सांगितली. मग म्हणालात, ‘आणि धुणार कोण?’

काकू, हा प्रश्न मी स्वतःला एकदाही विचारला नव्हता. गाळणार आई, तशी धुणारही आईच. म्हणजे ज्या बोटांना पिळता येत नाही त्याच बोटांना पिशवी काढायची, उलटी करायची, चोळायची आणि परत लावायची होती. पुढचं सगळं त्या प्रश्नातून निघालं. आता कुणी काही बनवून दाखवायला आणलं की मीही हेच विचारतो.

मग तुम्ही कापडाचे तीन तुकडे काढलेत. विरळ मलमल, कोरं मांजरपाट आणि वर्षानुवर्षं धुऊन मऊ पडलेलं एक सुती फडकं. तिन्हींवर पाण्याचा एकेक थेंब टाकलात. मांजरपाटावर तो मण्यासारखा उभा राहिला, जुन्या फडक्यात पडल्या-पडल्या जिरला. ‘हे कोरं आहे, याची खळ निघालेली नाही. जे कापड पाणी आत घेत नाही ते बाहेर काय सोडणार?’ तुमच्या सांगण्यावरून ते मांजरपाट दोनदा कडकडीत पाण्यात धुतलं आणि वाळवून मोजलं, तर ४० सेंटिमीटरचा तुकडा ३८ वर आला होता. आधी शिवून मग धुतलं असतं, तर पिशवी पहिल्याच धुण्यात आखडून कड्याला आली नसती.

जुन्या कापडाबद्दल तर माझी समजूत साफ उलटी होती. झिजलेल्या कापडाची भोकं मोठी होत असणार, म्हणून ते जाडंभरडं गाळत असणार, असं मी धरून चाललो होतो. तुम्ही ते फडकं खिडकीशी नेऊन उजेडासमोर धरलंत आणि भिंग माझ्या हातात दिलंत. धुऊन-धुऊन सुताचे तंतू सुटे झाले होते आणि प्रत्येक भोकात आडवे आले होते. नव्या मलमलीत भोकं स्वच्छ चौकोनी दिसत होती, जुन्यात ती जवळजवळ भरून आली होती. पुढे वाचनात आलं की सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रिटा कॉलवेल यांच्या संशोधक गटाने हेच बांगलादेशात कामी आणलं होतं. तिथल्या ६५ गावांतल्या कामाचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. जुन्या सुती साडीची किमान चार पदरी घडी करून पाणी गाळलं, तेव्हा कॉलऱ्याचं प्रमाण ४८ टक्क्यांनी घटलं. जंतू एकेकटा कापडात अडकत नाही, पण तो पाण्यातल्या ज्या सूक्ष्म जीवांना चिकटून असतो ते अडकतात. (कापडातून गाळलं म्हणजे पाणी निर्धोक झालं, असा अर्थ मात्र कुणी काढू नये.) आणि जुनी साडी नव्या कापडापेक्षा बारीक गाळते, हे त्यांनाही दिसलं होतं. तुम्ही मला ते खिडकीपाशी उभं राहून दोन मिनिटांत दाखवलं होतं.

स्टीलची जाळी कोरडी असो की ओली, तिचं छिद्र तेवढंच राहतं. सुती धागा ओला झाला की फुगतो आणि छिद्र आवळून घेतो. वर ओल्या सुताला कोरड्यापेक्षा जास्त बळ असतं. आयुष्यभर मापं न बदलणाऱ्या वस्तूंवर काम केल्यामुळे मला कापड म्हणजे कच्चा, बेभरवशाचा माल वाटायचा. त्या दिवसापासून तसं वाटत नाही.

यानंतर आकारावरून आपला वाद झाला. मला नळकांड्यासारखी, सपाट तळाची पिशवी हवी होती, कारण तीत जास्त मावतं. तुमचं म्हणणं, तळाच्या कडेला चोथा बसेल आणि तो बोटांनी खरवडून काढावा लागेल. बोटं कुणाची, ते तुम्ही बोललाही नाहीत. मी घरी जाऊन निमुळत्या शंकूचा हिशेब मांडला. तोंड १५ सेंटिमीटर आणि खोली २० सेंटिमीटर धरली, तर शंकूत नळकांड्याच्या तिसरा हिस्साच मावतं. पण त्याच तोंडाच्या सपाट गाळणीला १७७ चौरस सेंटिमीटर कापड मिळतं, तर शंकूला ५०० च्या वर. गाळायला जवळजवळ तिप्पट जागा. शंकू उलगडला की पंख्यासारखा एकच तुकडा होतो आणि एकाच शिवणीत जुळतो, याचा मला फार आनंद झाला होता. तसाच कापून, कच्चे टाके घालून घेऊन आलो.

तुम्ही तो भिजवून खुंटीला टांगलात आणि म्हणालात, थांब जरा. थोड्याच वेळात तो पिळा पडल्यासारखा एका बाजूला लोंबायला लागला. पंख्याच्या आकारात कापडाचा धागा एका जागी सरळ उभा येतो आणि दुसऱ्या जागी उरेब, म्हणजे तिरका येतो. उरेब बाजू भाराने ताणते, सरळ बाजू ताणत नाही, आणि पिशवी वाकडी होते. मी कागदावर काढलेल्या शंकूत धागा नव्हताच, त्यामुळे हे मला दिसण्याची शक्यताच नव्हती. तेव्हा तुम्ही ते वाक्य म्हणालात, ‘अरे, ही बाही आहे. वर रुंद, खाली निमुळती. बाही कापताना उभा धागा मधोमध ठेवायचा असतो.’

दोन सारखे तुकडे, प्रत्येकाच्या मधोमध उभा धागा, दोन्ही कडा सारख्याच तिरक्या. ताणल्या तरी दोन्ही बाजू सारख्या ताणणार. टोकाला तुम्ही अणकुची ठेवली नाहीत, वाटीच्या बुडासारखी गोलाई दिलीत. त्यामुळे आतली बाजू बाहेर काढताना बोट अडत नाही, आणि दीड लिटर आरामात मावायलाही लागलं. तुमचं ते वाक्य मला किती पुढे भेटलं पाहा. मसाले घातलेली वाइन गाळायला जुन्या युरोपात जी निमुळती कापडी पिशवी वापरत, तिला ते प्राचीन ग्रीक वैद्याच्या नावावरून ‘हिपोक्रेटिसची बाही’ म्हणायचे. लॅटिन नावातला ‘मानिका’ म्हणजे बाहीच. तो शब्द वाचला तेव्हा मी उठून आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, ‘तिला सांग हे.’ सांगायचं राहिलं होतं, ते आज इथे सांगतोय.

शिवणीचं मी थोडक्यात लिहितो, कारण हे वाचून पिशवी शिवणाऱ्याला त्याची गरज लागेल. फ्रेंच शिवण घालायची, म्हणजे कापडाच्या कडा शिवणीच्या पोटात जातात आणि दोरे सुटून रसात येत नाहीत. शिवणीचा उंचवटा पिशवीच्या बाहेर ठेवायचा, आतली बाजू गुळगुळीत. सुई बारीक घ्यायची, नाहीतर कापड कितीही घट्ट विणीचं असलं तरी सुईच्या भोकांतून चोथा उतरतो. तुमच्या पहिल्या पिशवीची शिवण आजही जशीच्या तशी आहे.

आता कड्याची गोष्ट. ही मला सगळ्यात जास्त सांगायची आहे, कारण लोक सगळ्यात जास्त दाद याच भागाला देतात आणि तो भाग तर शंभर टक्के तुमचा आहे.

पिशवी कड्याला धरून कशी ठेवायची, यावर मी चार प्रकार करून आणले होते. मोठे चिमटे, इलॅस्टिक, ओढून बांधायची नाडी, आणि स्क्रूने आवळायची पट्टी. प्रत्येकात काहीतरी आवळावं, दाबावं किंवा गाठ मारावी लागत होती, म्हणजे पुन्हा बोटांचं बळ आलंच. तुम्ही चारही पाहिलेत, बाजूला केलेत आणि म्हणालात, ‘तू हिला धरून कशाला ठेवतोस? बसू दे की.’ मला कळलं नाही. मग तुम्ही भरतकामाच्या फ्रेमचं आतलं कडं एका चिंधीच्या नेफ्यात सरकवलंत आणि ती चिंधी जवळच्या पातेलीत सोडलीत. कडं पातेलीच्या तोंडापेक्षा मोठं, ते काठावर टेकून राहिलं आणि चिंधी आत लोंबत राहिली. तुम्ही तिच्यात हातातली कात्री ठेवलीत. कडं हललं नाही, उलट काठावर आणखी घट्ट बसलं.

वजन जितकं जास्त तितकं कडं पक्कं बसणार. धरायचंच नाही, तर सुटायचं काय? इतकी वर्षं जोडकाम करूनही हे मला सुचलं नव्हतं, कारण दोन वस्तू जवळ आल्या की त्या आवळायच्या, हीच माझ्या हाताची सवय.

त्यावरून घडवलं ते असं. स्टँडच्या वरच्या कड्याचं तोंड १५ सेंटिमीटर. पिशवीच्या नेफ्यात घालायचं कडं ३ मिलिमीटर तारेचं, १६.५ सेंटिमीटर व्यासाचं, आणि ते जोडलेलं नाही. दोन्ही टोकं एकमेकांवरून चार-पाच सेंटिमीटर पुढे जातात. नेफ्याला एके ठिकाणी उघडं तोंड ठेवलं आहे, तिथून तार गोल फिरवत आत जाते आणि तशीच बाहेर येते. टोकं कानशीने घासून गोल करायची, नाहीतर ती दोन धुण्यांत नेफा फाडून बाहेर येतील, हेही तुम्हीच बजावलं होतंत. धुताना तार निघाली की हातात फक्त कापड उरतं. त्याला ना बटण, ना हुक, ना गंजणारा काही भाग. आई हे दोन बोटांनी करते.

पहिल्या तारेबाबत माझ्याकडून चूक झाली होती, ती लिहिलीच पाहिजे. हाताशी होती म्हणून मी जस्ताचा मुलामा दिलेली तार वाकवली. पंधरवड्याने तुम्ही नेफा उलटून पाहिलात आणि आतले करडे डाग माझ्यासमोर धरलेत. आंबट रसात जस्त विरघळतं, हे तर मला माहीत असायला हवं होतं, तो माझा विषय. पाहिलं मात्र तुम्ही, कारण धुतलेलं कापड उलटून बघायची सवय तुम्हाला आहे. आता ३०४ ग्रेडचं स्टेनलेस स्टील वापरतो, ज्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. कुणी दुसऱ्या तारेचं विचारलं तर मी नकोच म्हणतो.

तसाच तो भोकांचा डबा. पिशवीला आधार हवा म्हणून मी तिच्या मापाचा, सगळीकडे भोकं पाडलेला स्टीलचा शंकू केला होता, आणि त्यावर चार दिवस घालवले होते. त्यात पिशवी ठेवली की गाळायला दुप्पट वेळ लागायचा. कारण सापडेना. तुम्ही ओली पिशवी त्यातून सोलून काढलीत. खरोखर सोलावी लागली, इतकी ती स्टीलला चिकटली होती. म्हणालात, ‘ओलं कापड भिंतीला चिकटवून ठेवलं तर निथळेल का?’ चिकटलेल्या भागातून काहीच येत नव्हतं, जेवढी भोकं तेवढंच गळत होतं. कॉफीच्या गाळणपात्रांना आतून उंचवटे ठेवतात ते याचसाठी, कागदामागे वाट राहावी म्हणून. तो शंकू मी मोडीत काढला. आता पिशवी तीन पायांच्या स्टँडवर मोकळी लोंबते, चारी बाजूंनी हवा. पाय तीनच, कारण ओटा थोडा उंचसखल असला तरी तीन पाय डुगडुगत नाहीत. हा बारकावा तेवढा माझा. उंची अशी ठेवली की पातेलं भरत आलं तरी पिशवीचं बूड रसाला टेकत नाही. बूड बुडलं की निथळणं मंदावतं.

गाळताना हात कसा चालवायचा तेही तुमच्याकडूनच शिकलो. चमच्याने ढोसायचं नाही, बारीक गाळ कापडातून दाबला जातो. पिशवीची एक बाजू बाहेरून तळव्याने हलकेच उचलायची, म्हणजे चोथा सरकतो आणि मागचं मोकळं कापड कामाला लागतं. पहिली वाटीभर गढूळ येते, ती परत वर ओतायची. तोवर चोथ्याचा पातळ थर कापडावर बसलेला असतो आणि पुढचं गाळण तोच थर करतो. थर जाड झाला की मात्र वेग पडतो. आँरी दार्सी नावाच्या फ्रेंच अभियंत्याने १८५६ मध्ये वाळूतून पाणी झिरपण्याचा नियम मांडला, त्यात हेच आहे: क्षेत्रफळ आणि पाण्याची उंची वाढली की प्रवाह वाढतो, थराची जाडी वाढली की घटतो. तुमचा तळवा ती जाडी कमी करत होता.

धुण्याबद्दल लोक फार विचारतात. मी तुमचेच शब्द सांगतो: आधी गार पाणी, मग गरम. दुधाचं काही गाळल्यावर एकदम गरम पाणी घातलं की त्यातली प्रथिनं थिजून धाग्यात पक्की होतात. कपडे मऊ करायचं द्रावण अजिबात नाही, त्याचा थर बसला की कापड पाणी घ्यायचं बंद करतं. अधूनमधून दहा मिनिटं उकळायची, आणि आतली बाजू बाहेर करून खडखडीत वाळवायची. अर्धवट ओली घडी घालून ठेवली तर माझ्या पहिल्या गाळणीसारखीच गत होणार.

एका गोष्टीत मी माझं खरं केलं, ते तुम्हाला ठाऊक आहे. नायलॉनच्या जाळीचीही एक पिशवी शिवून घेतली. तुम्ही अडवलं नाहीत, त्याच कापाने शिवून दिलीत. बियांचा, रेषांचा रस असेल तर ती बरी पडते. लवकर वाळते, डाग धरत नाही. पण बदामाचं दूध तिच्यातून गाळलं की जिभेला रवाळ लागतं. त्यामुळे आमच्याकडे दोन्ही आहेत आणि हात बहुतेक वेळा सुतीकडेच जातो.

परवा सकाळी मी उठायच्या आत आईने गाळून ठेवलं होतं. पिशवी स्टँडवर निथळत होती आणि ती शेजारी हात मांडीवर ठेवून बसली होती, काही न करता. मला तिचे हात तसे मोकळे बसलेले पाहायची सवय नाही. मी थोडा वेळ दारातच थांबलो.

तुम्ही पहिली पिशवी देताना म्हणाला होतात की वर्षभर वापरून झाली की आणून दाखव, कापड आधी कुठे विरतं ते बघू आणि तिथे दुहेरी करू. वर्ष होत आलं. बूड चांगलं आहे. नेफ्याखाली, जिथे कापड स्टँडच्या कड्यावरून वळतं, तिथे विरायला लागलंय. मला वाटतं तिथे दोन बोटं रुंदीची पट्टी आतून लावावी, पण ती सरळ धाग्याची घ्यावी की उरेब, हे मला ठरवता येत नाही. येत्या रविवारी पिशवी घेऊन येतो. मांजरपाट दोनदा धुऊन ठेवलंय.

तुमचा,
शेजारचा धातूवाला